करडईच्या पाकळ्यांचा काढा, चिनी वैद्यक आणि प्लेटलेटची चाचणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकमध्ये औषधशास्त्र शिकवतो. वनस्पतीच्या अर्काने रक्तातल्या प्लेटलेट (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या बारीक पेशी) एकमेकींना चिकटायच्या थांबतात का, हे कसं तपासायचं, हा माझ्या शिकवण्यातला मोठा भाग आहे. ‘होंगहुआ’ या चिनी औषधाबद्दल माझ्याकडे तीन प्रकारची माणसं येतात : प्रबंधासाठी विषय शोधणारे विद्यार्थी, करडई लावणारे शेतकरी आणि स्टेंट बसवलेल्या किंवा हृदयाची झडप बदललेल्या पेशंटच्या घरची मंडळी. तुम्ही तिसऱ्या गटातले असाल तर आधी खाली जाऊन ‘रक्त पातळ करायची गोळी चालू आहे’ हा प्रश्न वाचा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

होंगहुआ म्हणजे नेमकं काय?

आपली करडई. चिनी भाषेत होंग म्हणजे लाल आणि हुआ म्हणजे फूल. करडईच्या पाकळ्या आधी पिवळ्या असतात, फूल उतरायला लागलं की त्या केशरी-लाल होतात, आणि तेव्हाच त्या खुडून वाळवतात. कुसुंबी रंग म्हणतो तो याच फुलाचा. केशरात भेसळ करायलाही याच पाकळ्या वापरतात.

आपल्याकडे करडई लावली ती तेलासाठी आणि कोवळ्या पानांच्या भाजीसाठी. पाकळ्या कुणी खुडायच्या नाहीत, कारण काट्यांनी हात सोलून निघायचे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचं वाण आणल्यावर खुडणी सोपी झाली आणि पाकळ्यांचा चहा विकायला आला. त्या पुड्यांवर ‘चीनमध्ये रक्ताभिसरणासाठी वापरतात’ असं लिहिलेलं दिसतं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या प्रश्नांचा उगम तिथेच आहे.

चिनी वैद्य ते कशासाठी देतात?

तिकडच्या वैद्यकात औषधांचा एक वर्गच आहे, ‘हुओ श्वे हुआ यू’. रक्त वाहतं करायचं, साकळलेलं मोकळं करायचं. होंगहुआ, दानशेन, छ्वानश्योंग ही त्यातली ठळक नावं. पाळी अडणं, पाळीतलं दुखणं, मुका मार, छातीत दुखणं अशा तक्रारींसाठी ती देतात. होंगहुआची मात्रा दिवसाला साधारण ३ ते १० ग्रॅम वाळलेल्या पाकळ्या, काढ्यातून. गरोदर बाईला देऊ नये असं तेच वैद्यक सांगतं.

इथे एक सावधगिरी मला फार महत्त्वाची वाटते. त्यांच्या कल्पनेतलं ‘साकळलेलं रक्त’ आणि आपल्या कार्डिओलॉजिस्टने दाखवलेली धमनीतली गुठळी या एकच गोष्टी आहेत असं धरून चालता येत नाही. ‘साकळणं’ हे तिथलं निदान आहे, आणि त्यात वेदना, रंग, नाडी, जीभ असं बरंच काही मोजलं जातं. त्यातली एखादी वनस्पती प्लेटलेट अडवत असेलही. पण ते तपासायचं आहे. आधीच सिद्ध झालेलं नाही.

डेंग्यूत प्लेटलेट कमी झाल्यात. हा काढा द्यायचा का?

नाही. अजिबात नाही.

पावसाळा संपता संपता हा प्रश्न दरवर्षी येतो, कारण ‘प्लेटलेटवर काम करतं’ एवढंच कानावर पडलेलं असतं. डेंग्यूत प्रश्न असतो संख्येचा. निरोगी माणसात एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात, त्या घसरतात. आपण इथे बोलतोय ते कामाबद्दल : आहेत त्या प्लेटलेट एकमेकींना किती घट्ट चिकटतात. संख्या आधीच कमी असताना चिकटण्याची ताकदही कमी करणारं काही पोटात गेलं तर रक्तस्रावाचा धोका वाढेल. डेंग्यूत तापाला पॅरासिटामॉल देतात आणि अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन टाळतात, त्यामागचं एक मोठं कारण हेच.

प्लेटलेट चिकटतात की नाही हे मोजतात कसं?

१९६२ साली गुस्ताव बॉर्न यांनी एक पद्धत मांडली. आजही ती याच कामाची मुख्य पद्धत मानली जाते आणि तिच्यामागची कल्पना अगदी साधी आहे.

रक्त फिकट निळ्या झाकणाच्या नळीत घेतात. त्यात रक्त गोठू न देणारं सोडियम सायट्रेट असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग. ही नळी सेंट्रिफ्यूजमध्ये हळू फिरवली (साधारण २०० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दोनशे पट जोर, दहा मिनिटं) की तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर प्लेटलेट तरंगत असलेला गढूळ प्लाझ्मा राहतो. उरलेलं जोरात फिरवलं (१५०० जी, पंधरा मिनिटं) की प्लेटलेटही खाली जातात आणि वर नितळ प्लाझ्मा मिळतो. यंत्राला सांगायचं : गढूळ म्हणजे शून्य, नितळ म्हणजे शंभर. मग गढूळ प्लाझ्मा ३७ अंशांवर ढवळत ठेवायचा आणि त्यात प्लेटलेटला चेतवणारा पदार्थ घालायचा. प्लेटलेट गोळा होऊन गठ्ठे बांधतात, मधली जागा मोकळी होते, पलीकडे जास्त प्रकाश पोचतो आणि कागदावरची रेष वर चढते. ताक घुसळताना लोणी गोळा झालं की खालचं पातळ दिसायला लागतं, तसं.

काढ्याचा परिणाम बघायचा असेल तर चेतवण्याआधी काही मिनिटं काढा घालून ठेवायचा. रेष कमी चढली तर काहीतरी अडलं. काय अडलं हे कळायला वेगवेगळे चेतक, म्हणजे चेतवणारे पदार्थ, वापरावे लागतात, कारण प्रत्येकाची प्लेटलेटला चेतवायची वाट वेगळी असते. एडीपीची वाट वेगळी, कोलॅजेनची वेगळी, अ‍ॅराकिडोनिक आम्लाची वेगळी. अ‍ॅस्पिरिन अ‍ॅराकिडोनिक आम्लाची वाट बंद करतं, क्लोपिडोग्रेल (स्टेंटनंतर देतात ती गोळी) एडीपीची. एकाच चेतकावर काढून दाखवलेला आलेख मी विद्यार्थ्यांना परत देतो. त्यातून काही वाचता येत नाही.

रक्त देणाऱ्यांना त्या सकाळी मिसळ का खाऊ देत नाही?

नाशिकमध्ये हा नियम सांगताना सगळ्यांची तोंडं उतरतात, म्हणून कारण नीट सांगतो. मिसळीवरची तर्री म्हणजे तेल. ते पोटात गेल्यावर काही तास प्लाझ्मा दुधाळ राहतो आणि प्रकाश मोजणारं यंत्र चुकतं. आणि मिसळीसोबत येतो तो कच्चा कांदा.

१९८० साली अमेरिकेतल्या डेल हॅमरश्मिट या रक्तविकारतज्ज्ञाच्या लक्षात आलं की त्याच्या स्वतःच्या प्लेटलेट एकाएकी नीट चिकटत नाहीयेत. औषध कुठलंच चालू नव्हतं. माग काढता काढता तो आदल्या जेवणापर्यंत पोचला : चिनी हॉटेलातलं मापो तोफू आणि त्यातली काळी, कानासारखी दिसणारी अळिंबी. पुढच्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी त्या अळिंबीत अ‍ॅडेनोसिन हे द्रव्य असल्याचं दाखवलं. त्याच मंडळींनी कांदा-लसणाचाही पाठपुरावा केला आणि तिथेही अ‍ॅडेनोसिन आणि गंधकाची संयुगं सापडली. चिनी औषध आणि प्लेटलेट यांच्या गोष्टीतला हा प्रसंग मी दर वर्षी वर्गात सांगतो, कारण तो एका जेवणाचा आहे.

आता विचार करा. लासलगावच्या बाजाराशेजारी राहणारी माणसं रक्त द्यायला आली, त्यातल्या निम्म्यांनी रात्री भाकरीसोबत फोडलेला कांदा आणि लसणाची चटणी खाल्ली आणि निम्म्यांनी नाही. मग मी काढ्याचा परिणाम मोजतोय की कांद्याचा? म्हणून आदल्या दिवसाचं जेवण सगळ्यांचं सारखं ठेवायचं, कच्चा कांदा-लसूण नाही, आणि हंगाम असेल तर द्राक्षंही नाहीत. द्राक्षांच्या सालीतली द्रव्यंही प्लेटलेटवर काम करतात. सकाळी चहा-कॉफी नाही, रक्त देण्याआधी तंबाखू-सिगारेट नाही. अ‍ॅस्पिरिन घेतली असेल तर दहा दिवस थांबायचं. डोकेदुखीसाठी घेतलेली गोळी लोक ‘औषध’ म्हणून सांगतच नाहीत. म्हणून मी ‘काही औषध घेता का’ असं विचारत नाही. ‘या पंधरवड्यात डोकं, दात, गुडघा, पाठ दुखली होती का, आणि मग काय घेतलंत’ असं विचारतो.

घरी येऊन रक्त नेता येईल का? आम्ही निफाडला राहतो.

साखर-कोलेस्टेरॉलसाठी येईल, यासाठी नाही. प्लेटलेट फार चटकन बिथरतात. रबर फार वेळ आवळून धरलं, सुई बारीक घेतली, मोटरसायकलच्या डिक्कीत नळी गतिरोधकांवरून आदळत आली, तर त्या वाटेतच चेतून बसतात. थंडीचंही तसंच. बरेच नमुने आपण थंड ठेवतो, हा नमुना मात्र २० ते २५ अंशांवरच ठेवायचा. निफाडचा पारा जानेवारीत कुठे जातो हे तुम्हाला सांगायला नको. रक्त काढल्यापासून चार तासांत चाचणी संपली पाहिजे. म्हणून माणसाने प्रयोगशाळेत यायचं, अर्धा तास शांत बसायचं, आणि तिथेच रक्त द्यायचं. हातही डावा-उजवा न बदलता तोच द्यायचा, ही माझी स्वतःची सवय आहे.

काढा घातल्यावर रेष खाली राहिली. म्हणजे परिणाम सिद्ध झाला ना?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

काही वर्षांपूर्वी सरावाच्या प्रयोगात आमची रेष जवळजवळ सपाट आली होती. सगळ्यांचे चेहरे फुलले. मी घरी जाऊन रात्री उशिरापर्यंत कच्च्या वहीतले आकडे पाहत बसलो आणि एक नळी नसल्याचं लक्षात आलं : नुसता द्रावक घातलेली. अर्क विरघळवायला आम्ही डीएमएसओ वापरलं होतं, तेही सढळ हाताने. दुसऱ्या दिवशी नुसतं डीएमएसओ तेवढंच घातलं, आणि रेष तशीच सपाट राहिली. करडईचा काही संबंधच नव्हता. तेव्हापासून द्रावक अर्ध्या टक्क्याच्या आत ठेवतो आणि नुसत्या द्रावकाची नळी सगळ्यात आधी लावतो.

दुसरा सापळा रंगाचा. करडईतलं मुख्य पिवळं द्रव्य, हायड्रॉक्सिसॅफ्लॉर यलो ए, ४०३ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतं. खर्च वाचवायला बरेच जण ही चाचणी ९६ खळग्यांच्या प्लेट रीडरवर ४०५ नॅनोमीटरला करतात. म्हणजे अर्क नेमका तोच प्रकाश गिळणार ज्यावर आपण मोजतोय. इथे लांब तरंगलांबी घ्यावी, किंवा नितळ प्लाझ्मातही तेवढाच अर्क घालून शंभर टक्क्यांची खूण त्यावरच लावावी.

तिसरं, काढ्याचा आंबटपणा. पीएच खाली गेला तरी प्लेटलेट मंदावतात, मग काढा करडईचा असो की आमसुलाचा. चौथं, टॅनिन, म्हणजे चहाला तुरटपणा देणारं द्रव्य. ते प्रथिनांना चिकटतं, आणि कोलॅजेन हे प्रथिनच आहे. मग प्लेटलेट अडली की चेतकच निकामी झाला? पाचवं, प्लेटलेट मेल्या तर नाहीत ना. मेलेली प्लेटलेटही चिकटत नाही, पण तो औषधाचा गुण नव्हे. पेशी फुटल्या की एलडीएच हे एन्झाइम बाहेर सांडतं, ते मोजून घ्यायचं.

आणि अळिंबीच्या गोष्टीतलं अ‍ॅडेनोसिन. ते प्लाझ्मातल्या प्लेटलेटला छान अडवतं. पण खऱ्या रक्तात तांबड्या पेशी असतात आणि त्या अ‍ॅडेनोसिन काही सेकंदांत ओढून घेतात. म्हणजे तांबड्या पेशी काढून टाकलेल्या नळीत जे जोरदार दिसतं, ते अंगातल्या रक्तात टिकेलच असं नाही. म्हणून अख्ख्या रक्तावरची चाचणीही सोबत करावी असा माझा आग्रह असतो. त्यात प्रकाश नसतोच. दोन तारा रक्तात बुडवतात, प्लेटलेट त्यांवर चढतात आणि विजेचा अडथळा वाढतो. ही पद्धत १९८० सालची. काढा कितीही पिवळा असला तरी तिला फरक पडत नाही.

एवढ्या चाळण्यांतून जे उरेल त्याला परिणाम म्हणायचं. उरतं तेव्हा मला मनापासून आनंद होतो.

नळीत काम झालं म्हणजे प्यायल्यावरही होईल?

थोडा हिशोब करू. समजा, नळीत मिलीलिटरला १ मिलीग्रॅम अर्क घातल्यावर परिणाम दिसला. प्रौढ माणसाच्या अंगात प्लाझ्मा साधारण ३ लिटर. तिथे तेवढंच प्रमाण यायचं तर ३ ग्रॅम कोरडा अर्क, सगळाच्या सगळा, एकाच वेळी रक्तात उतरला पाहिजे. ५ ग्रॅम पाकळ्यांतून एक तृतीयांश अर्क निघाला असं धरलं तरी हातात पावणेदोन ग्रॅमसुद्धा धड जमत नाही. त्यातही करडईचं ते पिवळं द्रव्य पाण्यात सहज विरघळणारं असल्यामुळे आतड्यातून फार थोडं आत जातं. चीनमध्ये ते इंजेक्शनमधून देतात, आणि इंजेक्शनचे निष्कर्ष चहाच्या पुडीला लावता येत नाहीत.

उलटंही होऊ शकतं. नळीत मंद दिसलेलं द्रव्य यकृतात बदलून जास्त प्रभावी होतं. क्लोपिडोग्रेल हे त्याचंच उदाहरण : यकृतातून गेल्याशिवाय ते काम करत नाही. त्यामुळे नळीत काही दिसलं नाही म्हणून वनस्पती निकामी, असंही मी म्हणणार नाही.

मग माणसांवर तपासायचं कसं?

तेच माणूस दोन्ही गोष्टी घेतं अशी रचना मला सगळ्यात आवडते. काही दिवस खरा काढा, मग विसावा, मग त्याच रंगाचा, त्याच चवीचा, करडई नसलेला काढा. कुणाला आधी काय, हे चिठ्ठ्या टाकून. पिणाऱ्याला माहीत नाही, आणि नळी यंत्रात ठेवणाऱ्यालाही माहीत नाही. दुसरी अट लोक विसरतात, पण ढवळणी कधी सुरू करायची आणि कुठली रेष ‘बिघडली’ म्हणून परत घ्यायची हे नळी ठेवणारा ठरवत असतो. मधला विसावा दोन आठवड्यांचा ठेवावा. प्लेटलेट सात ते दहा दिवस जगते, म्हणजे तेवढ्यात सगळ्या नव्या होतात.

त्याआधी संस्थेच्या नैतिकता समितीची लेखी परवानगी हवी, सहभागी माणसाची त्याला कळेल अशा मराठीतली संमती हवी, आणि पहिला माणूस घेण्याआधी सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत चाचणीची नोंद हवी. ‘साधा चहाच तर आहे’ असं म्हणून हे टाळणाऱ्या विद्यार्थ्याला मी सही देत नाही. ज्या चहाने रक्त गोठण्यात बदल व्हावा अशी आपली अपेक्षा आहे, तो साधा चहा कसा?

बाजारात मिळणाऱ्या तयार चिनी गोळ्या तपासून चालतील का?

तपासता येतील, पण आधी त्यात काय आहे ते बघा. १९९०च्या दशकात तैवानमध्ये पारंपरिक चिनी औषधांचे २६०९ नमुने तपासले, तेव्हा जवळपास २४ टक्के नमुन्यांत न सांगता मिसळलेली आधुनिक औषधं निघाली. त्यांत वेदनाशामकंही होती. अशी वेदनाशामकं प्लेटलेट अडवतात! म्हणून एखाद्या गोळीने अ‍ॅराकिडोनिक आम्लाची रेष पूर्ण सपाट केली आणि बाकीच्या चेतकांवर फारसा फरक नसेल, तर माझा पहिला संशय वनस्पतीवर नसतो. आधी गोळीचं रासायनिक पृथक्करण.

रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. करडईचा चहा किंवा चिनी काढा घेतला तर?

स्वतःच्या मनाने घेऊ नका. आधीच घेत असाल तर आज डॉक्टरांना सांगा. आणि दोन्हींतलं काहीही, विशेषतः गोळी, त्यांना न विचारता बंद करू नका. स्टेंट बसवल्यावर गोळी अचानक थांबली की स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. तो धोका चहाच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

‘रक्त पातळ करायची गोळी’ हे आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींना म्हणतो. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल प्लेटलेटवर काम करतात. वॉरफेरिन, असेनोकूमॅरॉल गोठण्याच्या प्रथिनांवर करतात, आणि त्यांच्यासाठी पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) तपासतात. होंगहुआच्याच वर्गातलं दानशेन वॉरफेरिनसोबत घेतल्याने आयएनआर धोकादायक वाढून रक्तस्राव झालेल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. प्लेटलेटची रेष ठीक आली तरी असा धोका त्या चाचणीत दिसणारच नाही. हिरड्यांतून रक्त, काळी शी, विनाकारण उठणारे निळे डाग, न थांबणारा घोळणा यांतलं काही दिसलं तर वाट पाहू नका, दवाखान्यात जा.

शस्त्रक्रिया किंवा दात काढायचा असेल तेव्हाही हे सांगा. ‘औषध नाही, नुसता चहा आहे’ असं म्हणून कितीतरी आज्या ते फाईलवर येऊच देत नाहीत. नातवंडांनी पुडी सोबत न्यावी आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावी.

मग करडईचं तेल आणि भाजीही बंद करायची?

नाही. तेल बियांचं असतं, पाकळ्यांतला तो पिवळा रंग त्यात नसतो. भाजी खुशाल खा. फक्त वॉरफेरिनसारखी गोळी चालू असेल तर कुठलीही पालेभाजी आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात खा, कारण पालेभाज्यांत के जीवनसत्त्व असतं.

आम्ही पाकळ्या विकतो. पुडीवर ‘हृदयविकारावर गुणकारी’ लिहिलं तर चालेल?

चालणार नाही. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने ज्या आजारांच्या औषधाची जाहिरात करायला मनाई केली आहे, त्यांत हृदयविकार आहे. ‘करडईच्या वाळलेल्या पाकळ्या’ एवढंच लिहा. गरोदर बायकांनी आणि रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, हेही ठळक लिहा. त्याने विक्री थोडी कमी होईल, हे मला ठाऊक आहे.

आमच्या शेतातल्या पाकळ्या चाचणीसाठी द्यायच्या असतील तर?

जरूर द्या. पाकळ्यांसोबत फुलासकट एक अख्खं झाड वर्तमानपत्रात दाबून आणा, म्हणजे ओळख पक्की करून नमुना जपून ठेवता येतो. पाकळ्या सावलीत वाळवा, उन्हात रंग उडतो. कागदी पिशवीवर गाव, वाण आणि खुडल्याची तारीख लिहा. आणि मावा पडला होता का, त्यावर काय फवारलं, कधी फवारलं, तेही खरं खरं लिहा. कीटकनाशकाचा अंश अर्कात उतरला तर आमची रेष त्याच्यामुळेही हलू शकते, आणि ते आम्हाला यंत्रासमोर बसून ओळखता येत नाही, तुम्हालाच माहीत असतं.